जीन बंद नाही, नुसता कमी केला तर? उंदराची पिल्लं, तोडीच्या चिठ्ठ्या आणि तात्यांचा प्रश्न

मागच्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर तात्यांनी एक फॉरवर्ड टाकला. उंदराचा फोटो, खाली लाल अक्षरात "जीन कमी करताच उंदीर वांझ, शास्त्रज्ञ हादरले!!" आणि त्याखाली मला टॅग करून, "पोरी, जीन म्हंजे काय आमटीतलं मीठ हाय का कमीजास्त करायला?" सगळ्यांनी हसण्याचे इमोजी टाकले, मीपण टाकला. पण रात्री एसटीत बसल्यावर डोक्यात तेच घोळत राहिलं, कारण तात्यांनी चेष्टेत विचारलं तरी बोट बरोबर जागी ठेवलं होतं. बरेचसे जीन खरंच मिठासारखे असतात. आहे का नाही हा एक प्रश्न आणि किती आहे हा दुसरा, आणि बातम्यांमध्ये दोन्ही एकाच पातेल्यात कालवून वाढतात.

मी काय शास्त्रज्ञ नाही. बायोटेकची एमएस्सी करताना पुण्यात एका लॅबमध्ये सहा महिने प्रोजेक्टला होते, तिथं उंदरांची खोली होती, आता सांगलीत अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. तेवढ्या भांडवलावर सांगते.

आधी चिठ्ठ्यांचं बघू

आपल्याकडच्या माणसाला जीन समजवायचा तर साखर कारखान्यासारखं उदाहरण नाही. शेती ऑफिसात रजिस्टर असतं, कुणाचा किती ऊस, कधीची लागण, सगळी नोंद. पण नुसत्या नोंदीनं ऊस तुटतोय होय? तोडीची चिठ्ठी निघावी लागते, कारखान्याचा चिटबॉय येतो, मग टोळी फडात शिरते, ट्रॉली भरते, आणि मग माल कारखान्यात पोचतो. पेशीतही असंच चालतं. डीएनए म्हणजे रजिस्टर, जीन म्हणजे त्यातली एक नोंद, आरएनए म्हणजे चिठ्ठी आणि प्रोटीन म्हणजे पोचलेला माल. एका नोंदीवर किती चिठ्ठ्या निघाल्या आणि किती माल आला याला जीन एक्सप्रेशन म्हणतात. हा शब्द एकदा सांगितला, पुढं मी चिठ्ठ्याच म्हणणार.

उंदराकडं अशा साधारण २० ते २२ हजार नोंदी आहेत, माणसाकडंही जवळपास तेवढ्याच. आणि प्रत्येक नोंदीच्या दोन प्रती, एक आईकडून आलेली एक बापाकडून. हे दोन प्रतींचं लक्षात ठेवा, पुढं सगळी गंमत त्यातच आहे.

आता चिठ्ठ्या कमी करायच्या कशा? एक तर नोंदच खोडायची, दोन्ही प्रतींतून, म्हणजे माल शून्य. याला नॉकआऊट म्हणतात, १९८९ मध्ये असे पहिले उंदीर झाले आणि कापेकी, एव्हान्स आणि स्मिथीज या तिघांना त्यासाठी २००७ चं नोबेल मिळालं. किंवा एकाच प्रतीतली खोडायची, मग माल साधारण निम्म्यावर येतो. किंवा रजिस्टरला हातच लावायचा नाही, चिठ्ठी निघाली की वाटेत गाठून फाडायची, हा नॉकडाऊन. चिठ्ठी अशी फाडता येते हे फायर आणि मेलो यांनी १९९८ मध्ये एका बारीक जंतात दाखवलं, त्यांना २००६ चं नोबेल. तात्यांच्या फॉरवर्डमध्ये यातलं नेमकं काय केलं होतं ते कुठंच नव्हतं, आणि तेच तर बघायचं असतं.

शून्य, दहा टक्के, निम्मं

बंद आणि कमी यात फरक किती, त्याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण म्हणजे बब-आर-वन नावाचा जीन. पेशी दुभंगताना गुणसूत्रांची वाटणी नीट झाली का हे तपासणारं प्रोटीन तो बनवतो, आपल्या कारखान्याच्या वजनकाट्यासारखं, काटा झाल्याशिवाय गाडी पुढं सोडायची नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या टीमनं २००४ मध्ये या जीनचे वेगवेगळ्या पातळीवरचे उंदीर करून बघितले. पूर्ण बंद केला तर पिल्लू आईच्या पोटातच संपलं. निम्मा ठेवला तर बघायला ठणठणीत. आणि साधारण दहा टक्क्यांवर आणला तर उंदीर जन्मला, वाढला, पण अकाली म्हातारा झाला, पाठीला पोक, डोळ्यात मोतीबिंदू, आणि नर काय मादी काय, दोघांनाही पिल्लं होईनात.

आता बघा, नुसता नॉकआऊट करून बघितला असता तर आपण काय लिहिलं असतं? "हा जीन गर्भाला लागतो." संपलं. म्हातारपण आणि पुनरुत्पादन या दोन्हीशी त्याचा संबंध आहे हे कळलंच नसतं, कारण जे जन्मालाच आलं नाही त्याला पिल्लं होतायत का नाही हे बघणार कुठून! आणि अशी अडचण थोड्या जीनची नाही. जगभरातल्या लॅब मिळून उंदराचा एकेक जीन बंद करून बघतायत, त्यांनी २०१६ मध्ये पहिल्या १,७५१ जीनचा हिशोब दिला, त्यात ४१० जीन असे निघाले की बंद केले की पिल्लू वाचतच नाही. म्हणून कमी करून बघायचं.

"निम्म्यावर भागत असेल तर एवढा बाऊ कशाला?"

हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो. उत्तर आपल्या विहिरीवरच आहे. रात्री व्होल्टेज डिम झालं की काय होतं? बल्ब पिवळा पडतो पण जळतो. पंखा रेंगाळत फिरतो. मोटर मात्र नुसती हुं हुं करते, पाणी काय उचलत नाही, आणि तशीच चालू ठेवली तर वायंडिंग जळतं ते वेगळंच. लाईन तीच, व्होल्टेज तेच, कशाला किती लागतं त्यावर ठरतं. बरेच जीन बल्बासारखे आहेत, एक प्रत गेली तरी घरात उजेड असतो. थोडे मोटरसारखे असतात, निम्म्यावर उचलतच नाहीत.

पुनरुत्पादनातली अशी मोटर म्हणजे प्रोटामीन. शुक्राणूचं डोकं केवढंसं, त्यात सगळा डीएनए कोंबून बसवायचा, तर हे प्रोटामीन तो आवळून पॅक करतात, आपल्या मार्केट यार्डात हळदीचं पोतं दाबून दाबून शिवतात तसं. २००१ मध्ये दिसलं की उंदराच्या नरात दोनपैकी कुठल्याही एका प्रोटामीनची एकच प्रत बिघडवली, म्हणजे माल निम्मा राहिला, तरी पुढं पिल्लं होत नाहीत. नंतरच्या प्रयोगांत मात्र दुसऱ्या प्रोटामीनची एकच प्रत गेली तर नराला पिल्लं होतात असं दिसलं.

इथं जरा थांबून एक बोलते. फॉरवर्डमध्ये 'वांझ' लिहिलं होतं आणि खाली मामींनी लगेच हळहळून "बिचारी" म्हणून टाकलं. बिचारी कशावरून? उंदीर नर असू शकतो ना! पिल्लं नाहीत म्हटलं की बोट बाईकडं, ही सवय उंदरापर्यंत पोचली आपली.

पिल्लं कमी झाली, पण गळती कुठं?

लॅबमधले उंदीर मला पहिल्यांदा दाखवले तेव्हा मी घाबरत झाकण उघडलं होतं. खाली भाताचं तूस, कोपऱ्यात आईनं केलेलं कापसाचं घरटं, आणि त्यात कालची पिल्लं, गुलाबी, डोळे मिटलेले, वजन फार तर सव्वा-दीड ग्रॅम, म्हणजे शेंगदाण्यापेक्षा थोडं जास्त. आमच्या मॅडमनी एक पिल्लू चिमटीत धरून उलटं केलं आणि म्हणाल्या, "पोट बघ." पातळ कातडीतून डाव्या बाजूला एक पांढरा ठिपका दिसत होता. ते दूध. "ठिपका दिसला म्हणजे प्यालंय, नसला तर वहीत लिही."

तो ठिपका मी विसरले नाही कारण सगळा शोध तिथूनच चालू होतो. उंदराची मादी १९ ते २१ दिवसांत विते, एका वेताला सहा-आठ पिल्लं, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात, म्हणून तर हा प्राणी निवडतात. आता समजा आठच्या जागी तीनच पिल्लं दिसली. का? मादीचं बीजच कमी सुटलं? फळलं नाही? पोटात जिरलं? जन्मून मेलं? का आईनंच बघितलं नाही? "पिल्लं कमी झाली" या एका वाक्यात पाच वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात.

आता पुढची दोन-तीन उदाहरणं पूर्ण बंद केलेल्या जीनची देते, कारण त्यात गळतीची जागा ठळक दिसते, चिठ्ठ्या थोड्याच कमी केल्या तर त्याच जागी थोडं थोडं गळू शकतं.

मेटर नावाचा एक जीन आहे. २००० साली बघितलं की तो नसलेली मादी एकदम धडधाकट, बीज सुटतं, नर चांगला, फळतंही, आणि गर्भ दोन पेशींचा झाला की थांबतो. खल्लास. बापाकडून चांगली प्रत आलेली असते तरी उपयोग नाही! कारण सुरुवातीचा पल्ला गर्भ स्वतःच्या चिठ्ठ्यांवर काढतच नाही, आईनं बीजात बांधून दिलेल्या शिदोरीवर काढतो, त्याचं स्वतःचं रजिस्टर उंदरात दोन पेशींच्या सुमाराला नीट उघडतं. शिदोरीतच ते प्रोटीन नाही तर बाप काय करणार. म्हणजे बिघाड आईच्या जीनमध्ये, त्रास आईला काहीच नाही, आणि भोगतं पिल्लू.

दुसरं उदाहरण त्या पांढऱ्या ठिपक्याचं. ऑक्सिटोसिनचा जीन १९९६ मध्ये बंद केला. सगळ्यांना वाटलेलं मादी विणारच नाही, कारण कळा आणणारं औषध म्हणूनच ते प्रसिद्ध. तर मादी व्यवस्थित व्याली, पिल्लं पोटाशी घेतली, पिल्लं लुचत होती, आणि तरी दिवसभरात मेली. पोटात ठिपका नाही. दूध होतं पण पान्हा सुटत नव्हता. ऑक्सिटोसिन टोचलं की सुटला. म्हशीला पान्हा सोडायला काहीजण चोरून जे इंजेक्शन मारतात ना, तेच हे.

त्याच वर्षी फॉस-बी नावाचा जीन बंद केलेल्या माद्या दिसल्या, त्यांना दूध होतं, सगळं होतं, पण पिल्लं पिंजऱ्यात विखुरली तरी उचलून घरट्यात आणायच्या नाहीत. पिल्लं गार पडून उपाशी मेली.

मग दोष आईत का पिल्लात हे ठरवायचं कसं? तात्यांना हे सांगावंच लागलं नाही. शेळी मेली तर तिचं करडू दुसऱ्या व्यालेल्या शेळीला लावतात, तसंच लॅबमध्ये पिल्लांची अदलाबदल करतात. बिघाडवालीची पिल्लं चांगल्या आईकडं जगली तर दोष आईकडं होता, तिथंही मेली तर पिल्लातच आहे.

आईचा शिक्का आणि बापाचा शिक्का

इथपर्यंत आपण धरून चाललो की दोन्ही प्रतींवर चिठ्ठ्या निघतात. पण काही थोड्या नोंदींवर शिक्का असतो, 'आईकडची प्रत बंद' किंवा 'बापाकडची बंद', म्हणजे चालू प्रत एकच. याच्या सगळ्यात गाजलेल्या जोडीतला पहिला म्हणजे आयजीएफ-टू. गर्भाची वाढ करणारा हा जीन, आणि गर्भात जवळपास फक्त बापाकडचीच प्रत चालते. १९९०-९१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बघितलं की बिघडलेली प्रत बापाकडून आली तर पिल्लू साधारण ६० टक्के वजनाचं जन्मतं, आणि तीच बिघडलेली प्रत आईकडून आली तर पिल्लाला ढिम्म फरक नाही! बिघाड तोच, बदललं ते फक्त कुणाकडून आला ते.

आणि याच्या उलट आयजीएफ-टू-आर नावाचा जीन वाढीला आवर घालतो आणि उंदरात तो आईकडचाच चालतो. तो गेला तर पिल्लू फार मोठं होतं आणि जन्माच्या आसपास दगावतं. बाप ॲक्सिलरेटर दाबतोय, आई ब्रेकवर पाय ठेवून. उसाच्या दोन ट्रॉल्या मागं लावलेला ट्रॅक्टर घाटात बघितलाय ना, दोन्ही लागतं.

या शिक्क्यांमुळंच १९८४ मध्ये भारतीय वंशाचे अझीम सुरानी आणि दुसरीकडं मॅकग्रा-सोल्टर यांना दिसलं की दोन्ही प्रती आईच्याच किंवा दोन्ही बापाच्याच असल्या तर गर्भ टिकत नाही. २००४ मध्ये जपानमध्ये शिक्क्यांत फेरफार करून दोन आयांची उंदरी झाली, कागुया नाव तिचं, शेकडो प्रयत्नांतून मोठी झालेली ती एकटी. आणि जानेवारी २०२५ मध्ये 'दोन बापांचे उंदीर' म्हणून चीनमधली बातमी आली ती हीच भानगड, २० ठिकाणचे शिक्के दुरुस्त करावे लागले, तरी बरीच पिल्लं मेली आणि जगली त्यांना पुढं पिल्लं होत नव्हती.

चिठ्ठ्याच वारशात गेल्या तर?

हे जरा वादाचं आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. किट नावाच्या जीनची एक प्रत बिघडली तर उंदराच्या शेपटीचं टोक आणि पाय पांढरे होतात. अशा उंदराच्या काही पिल्लांना दोन्ही प्रती चांगल्या मिळतात, त्यांची शेपटी काळीच हवी. फ्रान्समधल्या नीस शहरातल्या टीमला २००६ मध्ये ती पण पांढरी दिसली! त्यांचं म्हणणं, रजिस्टर चांगलं मिळालं पण शुक्राणूबरोबर आरएनए, म्हणजे आपल्या भाषेत काही चिठ्ठ्या, आतून गेल्या आणि पुढच्या पिढीतला कारभार त्यांनी बिघडवला. सगळ्या शास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही. मला स्वतःला अजून दोन-चार ठिकाणी तसंच दिसेपर्यंत थांबावं वाटतं, पण आजोबांच्या खाण्यापिण्यापासून सगळंच 'आरएनएमधून आलं' म्हणून जे व्हिडिओ फिरतात त्यांना असला धीर नसतो.

"म्हंजे कमी झालं की वाईटच?"

तात्यांचा फोन आला तेव्हा त्यांनी हाच प्रश्न टाकला, आणि इथं मला उंदीर सोडून त्यांच्या मेंढरांकडं यावं लागलं. न्यूझीलंडमध्ये इन्व्हरडेल नावाच्या मेंढ्या आहेत, त्यांच्यात बीएमपी-फिफ्टीन नावाचा जीन बिघडलेला आहे हे २००० साली सापडलं. एक प्रत बिघडली तर मेंढीला बीजं जास्त सुटतात, जुळी कोकरं होतात. दोन्ही बिघडल्या तर बीजकोश वाढतच नाही, एकही कोकरू नाही. एकाच जीननं निम्म्यावर जुळं दिलं आणि शून्यावर काहीच नाही!

"आपल्याकडं हाय का असलं?" आहे की, आपल्या साताऱ्यातच. फलटणच्या निंबकर संस्थेनं, म्हणजे 'नारी'नं, बंगालच्या सुंदरबनातल्या गारोळ मेंढीतला फेक-बी नावाचा बदल आपल्या दख्खनी मेंढीत आणला आणि 'नारी सुवर्णा' तयार केली. दख्खनी मेंढी शक्यतो एकच कोकरू देते, हिला जुळी बऱ्याचदा. हा जीन इन्व्हरडेलचा नव्हे पण त्याच कामाच्या साखळीतला, आणि इथं चिठ्ठ्या कमी झालेल्या नाहीत, नोंदीतलं एकच अक्षर बदललंय. ते अक्षर २००१ मध्ये सापडलं, त्यामुळं आता रक्त तपासून कळतं कुठल्या जनावरात आहे. आणि याच जीनची नोंद उंदरात पूर्ण खोडली तर माद्यांना पिल्लंच होत नाहीत.

उंदीर कुठं आणि आपण कुठं

उंदराचं माणसाला लागू पडतं का, हा आक्षेप योग्यच आहे, आणि उत्तर हो पण आणि नाही पण. वर सांगितलेला बीएमपी-फिफ्टीन मेंढीत पूर्ण गेला तर कोकरू नाही, उंदरात पूर्ण गेला तर नुसती पिल्लं कमी होतात. मेंढी आणि उंदरातच एवढा फरक तर उंदरावरून थेट माणसाला लावायचं कसं? आयजीएफ-टू-आरच्या बापाकडच्या प्रतीवरचा बंदचा शिक्का उंदरात पक्का, माणसात बहुतेकांच्यात नसतोच.

पण दिशा मिळते. माणसात बापाकडच्या आयजीएफ-टूच्या चिठ्ठ्या कमी पडल्या तर बाळ लहानखुरं जन्मतं, सिल्व्हर-रसेल सिंड्रोम या वाढ खुंटण्याच्या आजाराच्या बऱ्याच मुलांत हेच सापडतं. मूल न होणाऱ्या काही पुरुषांत प्रोटामीनचं प्रमाण बिघडलेलं दिसतं. आणि मेटरच्या भावकीतला एनएलआरपी-सेव्हन हा जीन आईत दोन्हीकडून बिघडला असेल तर पुन्हा पुन्हा द्राक्षगर्भ राहतो, म्हणजे नीट गर्भाऐवजी द्राक्षाच्या घडासारखी गाठ वाढते, हे २००६ मध्ये कळलं. आई धडधाकट, त्रास गर्भाला, उंदराच्या शिदोरीचीच गोष्ट. गंमत म्हणजे हा जीन उंदराकडं नाहीच.

आणि त्या मुक्या जिवांचं काय, असं ग्रुपवर धाकट्या बहिणीनं विचारलं. आपल्याकडं प्राण्यांवरच्या प्रयोगाला संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते, किती उंदीर, कशासाठी, दुसरा मार्ग आहे का, सगळं लिहून द्यावं लागतं. तरी ती चिमटीतली पिल्लं आठवली की मला आजही बरं वाटत नाही, हे पण खरं.

तात्यांना मात्र आता उंदरात काही रस राहिला नव्हता. "त्यो फलटनचा मेंढा आनला तर समदी कोकरं तसलीच व्हत्याल का?" मी म्हटलं, मेंढ्यात त्या अक्षराच्या दोन्ही प्रती असतील तर प्रत्येक कोकराला एक प्रत नक्की जाणार, एकच असेल तर निम्म्यांना, म्हणून आधी रक्ताचा रिपोर्ट मागा. आणि जुळं त्याच्या पाटींना होईल, तुमच्या आत्ताच्या मेंढ्यांना नाही, कारण बीज किती सुटायचं हे मेंढीच्या जीनवर ठरतं, मेंढ्याच्या नाही. तात्या थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हंजे दोन वरसं थांबायचं. आन मंग दोन कोकरांना दूध पुरंल एवढा चारा कुठनं आनू, आवंदा पावसाचा पत्ता न्हाई."